राजीनामा दिला आहे, बाबा

पुणे

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

फोनवर दोनदा सांगायला गेले आणि दोन्ही वेळा बोलणं आईच्या गुडघ्यांवरच संपलं, म्हणून लिहिते. सोमवारी मी स्फोटकांच्या नोकरीचा राजीनामा दिला. पुढच्या महिन्यात जळगावला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत रुजू होतेय. पगार कमी आहे, पण खोलीभाडं वाचेल, भुसावळहून गाडीने जाऊन-येऊन करता येईल, आणि आईच्या गोळ्यांचे पैसे 5 तारखेला येतील म्हणजे येतील. सगळा हिशोब मांडलाय.

बाबा, तुमच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीबद्दल माझ्या मनात काही नाही. कारगिलच्या वर्षी तुम्ही ओव्हरटाइम करून यायचात, पितळेचा वास जाईपर्यंत मोरीत हात घासायचात आणि मगच ताटावर बसायचात. प्रार्थनेत 'रोजची भाकर' आली की मी एक डोळा उघडून तुमची नखं बघायचे. त्याच भाकरीवर मी वाढले. तुम्ही तर सीमेपलीकडच्या पोरांसाठीही प्रार्थना करायचात. आई, आठवतं ना?

माझं तसं नव्हतं हो. आमची स्फोटकं कुठे जातात ते विचारायचंच नाही, असा दंडक. मी विचारलं. उत्तर मिळालं नाही, आणि त्यानंतर मला झोप लागेना.

फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हवेतल्या नत्रापासून अमोनिया केला. त्यातूनच युरिया होतो, म्हणजे मामांच्या केळीचं खत, आणि त्यातूनच स्फोटकंही. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 ला, बेल्जियममधल्या ईप्रजवळ सैनिकांवर विषारी क्लोरीन वायू सोडायला लावला तोही त्यानेच. 1918 चं नोबेल अमोनियासाठी त्यालाच. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, आता पोटात ढवळतं. बायबलात यशया 2:4 मध्ये तलवारींचे फाळ होतात, हे संडे स्कूलमध्ये घोकलं. योएल 3:10 मध्ये फाळांच्याच तलवारी करायला सांगितलंय, ते मी यंदा पहिल्यांदा नीट वाचलं. लोखंड तेच. आदामाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. रावेर-यावलच्या बागांत मातीचे नमुने घेत हिंडेन, तेव्हा एवढं तरी माझ्या हातून होईल. घड तेवढाच ठेवून युरिया किती कमी करता येईल, हे शेतकऱ्याला सांगता येईल. देवाने दिलेली अक्कल इथे लावावीशी वाटते.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. दुपारी बारा ते चार घराबाहेर पाय ठेवायचा नाही, भुसावळचं ऊन तुम्हाला नवीन नाही म्हणून सांगू नका. कूलरमध्ये आईने बादल्या ओतायच्या नाहीत, शेजारच्या पोराला हाक मारा. लोणचं दोघांचंही बंद. आई, हिवाळ्यात बामणोदची वांगी आली की काड्यांवर भरीत भाजू, कळण्याची भाकरी मी थापेन, तू नुसती खाटेवर बसून सांग. पाळकसाहेबांना इतक्यात बोलू नका, आल्यावर मीच सांगते.

बाबा, राग आला असेल तर रविवारी बोलू नका. पण फोन उचला, मला तुमचा श्वास ऐकू आला तरी पुरे.

तुमची
बेबी