फोटोतली खंजेरी आणि हातातली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आश्विन वद्य पंचमी, म्हणजे पुण्यतिथी, जवळ आली की नागपूरच्या चौकाचौकांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे फलक लागतात. ३० एप्रिलला त्यांच्या जयंतीला, म्हणजे ग्रामजयंतीलाही तेच. भाषणांत ग्रामगीता येते, १९४२ चा तुरुंगवास येतो, १९३५ साली अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला उभा राहिलेला गुरुकुंज आश्रम येतो, २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं हेही येतं. फलकावरच्या फोटोत बहुतेक वेळा महाराजांच्या हातात खंजेरी असते, पण तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तीच खंजेरी घेऊन हा माणूस गावोगाव फिरला, आणि लोक आधी जमले ते भजन ऐकायला. त्यांच्यातला वादक आठवायचा तर थोडं वाद्याबद्दल बोलावं लागेल, म्हणून हे पत्र.

खंजेरी भजनात म्हणणारा आणि वाजवणारा एकच असतो. पेटी-तबल्याच्या भजनात गायकाला थांबायचं झालं तर तबलजीला खूण करावी लागते, तोवर एक आवर्तन निघून जातं. खंजेरी स्वतःच्या हातात असली की दोन ओळींच्या मधे ताल तोडता येतो, गावाच्या सफाईबद्दल किंवा दारूबद्दल दोन वाक्यं बोलता येतात आणि पुन्हा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पालुपद उचलता येतं. भजनातून प्रबोधन म्हणतात ते असं चालतं. आता मंडळं काय करतात? चांगल्या गळ्याचा माणूस माइकपुढे बसवतात आणि खंजेरी कोपऱ्यात एखाद्या पोट्ट्याच्या हाती देतात. भजन गोड होतं, पण त्यातलं बोलणं जातं.

हे तोडणं-उचलणं शिकण्यासारखं आहे. केरव्याच्या आठ मात्रा धरा. थांबायचं ते आठवीवर, हात खंजेरीवर दाबून, म्हणजे चामड्याचा आणि झांजांचा आवाज एकदम बंद होतो. बोलणं संपलं की पहिल्या मात्रेवर एक खुली थाप, आणि झीलकऱ्यांनी (मागून ओळ म्हणणाऱ्यांनी) तिथूनच ओळ उचलायची. नवखा वादक पाचव्या-सहाव्या मात्रेवर अडखळून थांबतो. मग टाळ तसेच चालू राहतात, अर्धे झीलकरी गातात, अर्धे गप्प बसतात. यावर उपाय साधा आहे: टाळकऱ्यांनी गायकाच्या तोंडाकडे पाहायचं सोडून खंजेरीवरच्या हाताकडे पाहावं.

दुसरी चूक डाव्या हाताची. खंजेरी डाव्या हातात कड्याला धरतात, अंगठा एका बाजूला, बोटांची टोकं चामड्याच्या काठाशी. ती टोकं हलकेच दाबली की उजव्या हाताची थाप वर चढते, सोडली की खाली येते. 'घुंss' असा जो वळणारा आवाज निघतो तो या दाबातून. त्यासाठी मनगट स्थिर लागतं. हल्ली मनगट सारखं हलवत राहतात, त्यामुळे झांजा अखंड छुनछुनतात आणि थाप त्यात बुडते. झांज वाजावी ती थापेच्या धक्क्याने, हाताच्या थरथरीने नव्हे. घरी सरावाला बसताना रोज दहा मिनिटं फक्त संथ केरवा वाजवावा आणि सोबत भजनाची ओळ साध्या बोलण्यासारखी म्हणावी, सुरात नको. गळा आणि हात वेगळे चालायला लागले की मग सूर लावावा. नाहीतर कडव्यात आवाज वर गेला की हातही पळतो आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत झीलकऱ्यांचा दम निघतो.

अकोला जिल्ह्यातल्या सत्यपाल महाराजांनी सात खंजेऱ्या एकदम वाजवून सप्तखंजेरी घराघरांत पोचवली, हे त्यांचं मोठं काम. पण ज्याच्या एका खंजेरीवर अजून खुली आणि बंद थाप वेगळी ऐकू येत नाही त्याने सात मांडू नयेत, एवढं म्हणायची मुभा असावी.

आता वाद्य. खंजेरी म्हणजे लाकडी कडं, त्यावर एका बाजूने बकरीचं पातळ चामडं आणि कड्याच्या खाचांत खिळ्यावर ओवलेल्या पितळी झांजा. बाजारात आता बोल्ट कसायच्या, प्लास्टिकच्या पडद्याच्या खंजेऱ्या सर्रास मिळतात. पावसाळ्यात त्या कामाला येतात हे खरं, ओल धरत नाहीत. पण प्लास्टिकचा आवाज टणक आणि लांबणारा. दाबाने सूर फिरवायला गेलं तर नुसता चिरकतो. सरावाला घ्या, बैठकीला चामड्याचीच ठेवा.

चामड्याची खंजेरी बिघडते ती मुख्यतः हवेमुळे. नागपूरची हवा तिला दोन्ही टोकांनी छळते. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा चामडं इतकं ताणलं जातं की नुसती 'टक' ऐकू येते. अशा वेळी मागच्या बाजूने ओल्या बोटांनी पाण्याचे चार-पाच थेंब चोळावेत आणि दहा मिनिटं थांबावं. लगेच वाजवलं तर आवाज बसका वाटतो, म्हणून माणूस आणखी पाणी लावतो आणि पुढचा अर्धा तास वाद्य हातचं जातं. पाऊस-थंडीत उलटं. पुण्यतिथीच्या दिवसांत दुपारी नीट लावलेली खंजेरी सूर्य मावळला की ढिली पडायला लागते. तिला शेक द्यायचा तो मंद, आचेपासून वीतभर अंतरावर, सारखी फिरवत, दोन मिनिटं. शंभरचा पिवळा बल्ब असेल तर उत्तम. पेटत्या गॅसवर धरलेली खंजेरी त्या दिवशी छान वाजते आणि पुढच्या कार्यक्रमात काठाशी फाटते, कारण काठाचं चामडं आधीच ताणात असतं आणि आच तिथंच लागते. उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ती ठेवूच नये; चामडं चिरतं, कड्याचा सांधाही उकलतो. ठेवायची कापडी पिशवीत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते. कोणी तेल चोळायला सांगेल, ऐकू नका. तेलाने चामडं जड होतं आणि आवाज मरतो.

झांजांकडेही बघा. वर्षानुवर्षं वाजून मधलं भोक मोठं होतं, मग झांज 'छन्' करायचं सोडून 'खळखळ' करते. खिळा बदलून थोडा जाड घातला की सुधारते. तडा गेलेली झांज मात्र काढूनच टाकावी, ती बोट कापते. लोखंडी पत्र्याच्या झांजा स्वस्त पडतात, पण कानाला टोचतात.

माइकचा प्रश्न सगळ्यात वाईट, कारण तो वादकाच्या हातात नसतो. साऊंडवाला गायकाच्या माइकवर एको देतो. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. मात्रेला चार थापा घातल्या तर दोन थापांत जेमतेम एक अष्टमांश सेकंद. पाव सेकंदाने परत येणारा एको नेमका मधली एक थाप सोडून तिसरीवर येऊन बसतो आणि सगळा चिखल होतो. गायकाच्या हातातच खंजेरी असल्याने हा माइक दोन्हींचं काम करतो, म्हणून तिथं एको पूर्ण बंद हवा. दुसरा माइक द्यायचाच असेल तर खंजेरीपासून फूट-दीड फुटावर, थोडा खालून, चामड्याकडे तोंड करून. झांजांसमोर धरला तर नुसती चिरचिर येते. ट्रेबल कमी करायला सांगावं, आणि कार्यक्रमाआधी पाच मिनिटं मागून एकदा स्वतः ऐकून यावं.

मोझरीला पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहतात. शहरातही अनेक ठिकाणी त्याच वेळी मौन पाळलं जातं. इथल्या काही कार्यक्रमांत मौनाच्या आधी ध्वनिमुद्रित गाणी लावलेली असतात आणि कोणीतरी बटण दाबून ती बंद करतो. तिथं एक बैठक असावी. पालुपद हळूहळू लहान करत, टाळ आधी थांबवून, शेवटी एकट्या खंजेरीची थाप आठव्या मात्रेवर हाताने दाबायची, की मौन सुरू. एवढं जमवायला मंडळाला तीन-चार तालमी पुरतात.

भजन स्पर्धा घेणाऱ्यांना आमची एकच विनंती आहे. गटाने म्हटलेल्या भजनांपैकी निदान एकात मुख्य गायकाने स्वतः खंजेरी वाजवावी अशी अट घाला आणि त्या भजनात ऑक्टोपॅड नको. गुण देताना गळ्याइतकेच तालाच्या तोड-उचलीला द्या. पहिल्या वर्षी अर्धे गट कुरकुरतील, पण कुरकुरत का होईना, तालमीला बसतील.

आणि संपादक महाशय, एक काम आपल्याकडेही. पुण्यतिथीच्या बातमीत उद्घाटक, प्रमुख पाहुणे, आभार मानणारे, सगळ्यांची नावं येतात, कधी कधी मंडपवाल्याचंही. आपल्या वार्ताहरांना सांगावं की बैठक संपल्यावर आत जाऊन विचारा, आज खंजेरी कोणाच्या हातात होती, आणि ते नाव छापा. जागा एका ओळीची लागते.

— खंजेरी भजनाचे काही वादक व झीलकरी,
नागपूर