आण्णा, पत्र्याचं नाव ऐकून उठून जाऊ नका

पुणे, ९ फेब्रुवारी

ती. आण्णा आणि आईस,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आण्णांनी ‘पत्रा’ एवढंच ऐकून फोन तुझ्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाच आणि मध्ये थांबू नकोस.

शेतात, माळवदाच्या पूर्वेला, लोखंडी शेड उभी करायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे मागच्या सोमवारी ॲडव्हान्स भरलासुद्धा. तुम्हाला न विचारता केलं, ते मनाला लागून राहिलंय. पण विचारलं की आण्णा ‘बघू मिरगाच्या आधी’ म्हणतात, आणि असे चार मिरग गेले.

दिवाळीत मी सोयाबीनची पोती मोजायला आत गेले होते. उत्तरेच्या भिंतीला पोट आलंय, आण्णा. आतला दगड आणि बाहेरचा दगड एकमेकांना सोडून चाललेत, मधली माती भुगा होऊन खाली येतेय. वर तुम्ही दर उन्हाळ्याला पांढरी माती टाकून घेता, गळू नये म्हणून. ते वजन किती झालं असेल याचा हिशेब मी त्या रात्री करत बसले, आणि त्याच्याच खाली तुमची बाज. भूकंपाच्या त्या पहाटे कुणाला कशाने गाठलं ते मी तुम्हाला सांगायला नको. तो एकच खण उभा राहिला आणि तुम्ही तो ३२ वर्षं जपलात. का जपलात तेही मला कळतं. अक्काचं जातं तिथेच आहे.

ते जातं हलणार नाही. माळवद उतरवून घ्यायचं, पण उंबरा आणि सागवानी चौकट नव्या शेडच्या आत, पूर्वेच्या दारामागे बसवायची. नकाशात मी जागा आखून घेतलीय.

आता पत्र्याचं. मी सहा वर्षांची होते, पण पुनर्वसन होईपर्यंतच्या त्या शेडमधले उन्हाळे माझ्या अंगावर अजून आहेत. आई दुपारी छतावर ओली पोती टाकायची आणि मला बाजेखाली निजवून पदराने वारा घालायची. स्वतः कधी निजलेली मी पाहिली नाही. आण्णा, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात की पुन्हा पत्र्याखाली लेकरं ठेवणार नाही. ते मी विसरलेले नाही. या शेडच्या छताखाली ऊन अडवणाऱ्या ग्लासवूलचा जाड थर आहे, वर वाऱ्याने फिरणारे चार पंखे गरम हवा बाहेर टाकतात, आणि तुमच्या बसण्याची खोली आतच, विटांची, वेगळ्या छताची. तिला दक्षिणेकडे खिडकी, बाजेला जागा, रेडिओला फळी, रांजणाला कोनाडा. धोतर वाळत घालायची खुंटीसुद्धा लिहून दिलीय.

मामा म्हणेल, औशाचा फॅब्रिकेटर दीड लाखाने स्वस्तात मारून देतो. मी त्याच्याकडेही गेले होते. माणूस चांगला आहे, पण नकाशा मागितला तर म्हणाला, ‘ताई, आजवर शंभर शेडी मारल्यात, नकाशा कशाला?’ आण्णा, माझं पाऊल तिथेच मागे आलं. १९९३ च्या आधी सरकारी भूकंप-नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होता. २००२ साली तो पहिला झोनच काढून टाकला आणि आपण तिसऱ्यात आलो. आपलं गाव गेल्यावर नकाशा सुधारला. मग निदान तो सुधारलेला नकाशा तरी आपल्या घराला लागू नको का?

ज्या कंपनीला ॲडव्हान्स भरलाय, तिच्या इंजिनियरने सही-शिक्क्यानिशी हिशेब दिलाय, आयएस म्हणजे भारतीय मानकांप्रमाणे. लोखंडाच्या बांधकामाला आयएस ८००, वाऱ्याला आयएस ८७५ चा तिसरा भाग, भूकंपाला आयएस १८९३. तुमच्या जावयांनी एकेक पान दोनदा वाचलं आणि ओळखीच्या दुसऱ्या इंजिनियरकडून तपासून घेतलं. मला त्यातून समजलं ते असं: जितकं वजन जास्त, तितका भूकंपाचा दणका मोठा. माळवद जड होतं. ही शेड हलकी आहे, म्हणून तिला खरी भीती वाऱ्याची. वावटळ तिला खालून उचलू बघते. म्हणून खांब पायात बोल्टांनी जखडलेले, आणि पाया काळ्या मातीच्या खाली, घट्ट मुरुमापर्यंत. आपली भुई उन्हाळ्यात कशी भेगाळते आणि पावसात कशी फुगते ते तुमच्याइतकं कुणाला माहीत?

बैलांची बाजू उघडी हवी, हे तुमचं म्हणणं मी आधीच सांगितलं होतं. एक बाजू उघडी असली की वारा आत शिरून छताला खालून रेटतो, सगळा हिशेबच बदलतो. त्यांनी तो बदलून दिला. मूळच्या खर्चात थोडी भर पडली, पण बैलांना वारा हवाच.

पैशाचं मनाला लावून घेऊ नका. कर्ज नाही, सोन्याला हात लावलेला नाही. माझ्या पगारातली साठवण आहे, आणि माझं शिक्षण झालं ते याच शेतातल्या तुरीवर.

आता कामाचं. पायात बोल्ट बसवतील त्या दिवशी मी येईन, माझ्याशिवाय काँक्रीट ओतू द्यायचं नाही. ते बोल्ट बोटभर जरी सरकले तरी वरचा खांब बसत नाही. सगळे सांगाडे कारखान्यातून नंबर टाकून येतील, इथे फक्त जोडायचे. कुणी भोकं पाडायला किंवा वेल्डिंग करायला लागला तर काम थांबवून मला फोन करायचा. भिंतीत आणि छतात लोखंडी सळ्यांच्या फुल्या दिसतील. ट्रॅक्टर वळवायला आड येते म्हणून मामाने एकही फुली काढायची नाही. ट्रॅक्टरचं दार मी पश्चिमेला, मोकळ्या जागेत ठेवलंय. अर्थिंग केल्याशिवाय लाईट घ्यायची नाही. पोती जमिनीवर रचायची नाहीत, खाली लाकडी फळ्या.

आणि आई, हे तुझ्यासाठी. आण्णांची बीपीची गोळी सकाळी खाल्ल्यावर, आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन शेडसाठी पुढे ढकलायचं नाही. तुझा गुडघा दुखत असेल तर कामावरच्या माणसांचा चहा तू करू नकोस, शेजारच्या काकूंना पैसे देऊन सांगितलंय. रागावू नकोस, तुझ्या हातच्या चहाला नावं ठेवलेली नाहीत.

आण्णा, शेड उभी राहायला मिरगापर्यंत वेळ लागेल. तोवर आज रात्रीपासून बाज माळवदाच्या बाहेर काढा. राखणीला शेतातच झोपायचं असेल तर लिंबाखाली झोपा, घोंगडी दोन घ्या, आईला फोन जवळ ठेवायला सांगा. मी शनिवारच्या सकाळच्या गाडीने येतेय. बाज बाहेर दिसली की मग तुम्हाला काय बोलायचं ते बोला, मी सगळं ऐकून घेईन.

तुमची,
बेबी