जप्तीच्या बातमीत किमतीऐवजी वजन आणि शिक्षा छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, पकडल्याच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात आणि त्यांच्या मथळ्यात बहुधा मालाची किंमतच असते. मी येथील जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. एनडीपीएस या 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने शिक्षा ठरवताना त्या किमतीला काहीही स्थान दिलेले नाही. 2001 च्या दुरुस्तीपासून शिक्षा ठरते ती मालाच्या वजनावर, आणि नेमके तेच बातमीत शोधावे लागते.

मेफेड्रोन 2 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते अल्प प्रमाण. त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 50 ग्रॅमच्या वर गेले की ते व्यावसायिक प्रमाण. तिथे किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, शिवाय एक ते दोन लाखांचा दंड. या दोन टोकांच्या मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गांजासाठी याच मर्यादा एक किलो आणि वीस किलो आहेत. गांजाविषयी ऐकलेले हिशेब एमडीला लावणारी मुले इथेच फसतात.

काही काळापूर्वी एका महाविद्यालयीन मुलाचे वडील माझ्याकडे आले होते. मित्राने दिलेली पुडी दुसऱ्याला नेऊन द्यायला हा मुलगा मोपेडवर निघाला होता आणि डिक्कीत सहा ग्रॅम एमडी सापडले. वडील पंचनाम्याची प्रत हातात घेऊन पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "वकीलसाहेब, सहा ग्रॅम म्हणजे चहातली साखर हो! तेवढ्यासाठी दहा वर्षं?" मुलाने एक रुपयाही घेतला नव्हता, म्हणून त्याने काही विकले नाही, अशी त्यांची समजूत होती. परंतु या कायद्याच्या कलम 22 मध्ये बाळगणे, विकणे, विकत घेणे आणि वाहून नेणे एकाच ओळीत बसवलेले आहे. पैसे घेतले नाहीत म्हणून शिक्षेची पायरी बदलत नाही. पुडीत निम्मी भेसळ असेल, ही आशाही त्यांना सोडावी लागली, कारण सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हिरा सिंग प्रकरणात भेसळीसकट एकूण वजन धरायचे, असा निर्णय दिलेला आहे.

व्यावसायिक प्रमाणात तर कलम 37 आडवे येते. आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी खात्री न्यायालयाला पटल्याशिवाय जामीन मिळत नाही. हे कलम मोठ्या पुरवठादारांसाठी योग्यच आहे, आणि त्यांच्यासाठी सवलत मागायला मी हे पत्र लिहीत नाही. उलट पुडी पाठवणाऱ्यापर्यंत तपास पोहोचावा यासाठी कटाचे कलम 29 उपलब्ध असताना पुष्कळदा खटल्यात उभा राहतो तो केवळ मोपेडवरचा मुलगा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्याची माहिती घराघरांत असायला हवी आणि जवळपास कुठेच नसते, ते आहे कलम 64अ. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाली आणि तिने ते घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. अनेक आईवडील मुलाचे व्यसन लपवतात ते पोलिसांच्या भीतीने, आणि तोवर तोच मुलगा स्वतःच्या पुडीसाठी दुसऱ्यांच्या पुड्या पोहोचवू लागलेला असतो. तेव्हा वजन 2 ग्रॅमच्या पुढे गेलेले असते आणि हे कलम हातचे निसटते.

म्हणून आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे की जप्तीच्या प्रत्येक बातमीखाली चौकटीत तीन ओळी द्याव्यात: पदार्थ आणि त्याचे वजन, ते कोणत्या प्रमाणात मोडते आणि त्यासाठी शिक्षा किती. चौथ्या ओळीला जागा उरली, तर तिथे कलम 64अ छापावे.

आपला,
एक वकील, नागपूर