दिव्यांगांना वाटप नको, पाठपुरावा करणारा माणूस द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मार्चअखेर जवळ आली की ग्रामपंचायती-नगरपालिकांना दिव्यांगांची आठवण होते. त्यांच्यासाठी राखलेला ५ टक्के निधी खर्ची पडला नाही तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो, म्हणून घाईघाईने तीनचाकी सायकली, शिलाई यंत्रे, कुठे खात्यावर थोडी रक्कम असे वाटप उरकले जाते. फोटो निघतात. ज्यांना सायकल हवी होती त्यांना ती मिळाली, याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या मुलासारखी जी मुले आपली अडचण सांगूच शकत नाहीत, त्यांना त्यांच्या बाजूने बोलणारा, अर्ज लिहिणारा आणि तो फेटाळला तर का फेटाळला हे विचारणारा माणूस लागतो. त्याच्या पगाराची तरतूद मात्र कुठे दिसत नाही.

मुलगा स्वमग्न आहे. अठरा पूर्ण झाल्यावर बँकेने सांगितले, आता याचे खाते आईला चालवता येणार नाही, कायदेशीर पालकत्वाचा दाखला आणा. कुठून, ते काउंटरवर कुणालाच ठाऊक नव्हते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती तो देते, हे कळले शेजारच्या गल्लीतल्या एका निवृत्त अव्वल कारकुनांकडून. अर्ज त्यांनी लिहून दिला, समितीची बैठक कधी लागते याची चौकशीही त्यांनीच केली. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे थांबले की हयातीचा दाखला अडलाय की आधार जोडणी, हे कागद बघून सांगणारेही तेच. (अनुदान दीड हजारांचे अडीच हजार झाले, बरेच झाले, पण जमाच होत नसेल तर वाढ काय कामाची?) दिवाळीनंतर ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले. आता आमच्यासारख्या घरांनी विचारायचे कुणाला?

कायद्यात उणे फारसे नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने राज्य आयुक्तांना चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले, जिल्ह्याजिल्ह्याला विशेष न्यायालय सांगितले. विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आपल्या राज्याने २०२२च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. पण वकील कोर्टात उभा राहतो, तहसीलच्या खिडकीपाशी नाही. दिव्यांग आयुक्तालय पुण्यात, गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या बाईने तिथवर तक्रार न्यायची कशी? २०११च्या जनगणनेत राज्यात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. त्यांतल्या किती जणांच्या गल्लीत असा कारकून राहत असेल?

माझी मागणी एकच आहे. राज्यात साडेतीनशेहून अधिक तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याला एक पूर्णवेळ पगारी दिव्यांग साहाय्यक द्यावा. तालुक्यातल्या ग्रामपंचायती आणि नगरपालिकांच्या ५ टक्के निधीतला वाटा एकत्र करून त्याचा पगार आणि प्रवासखर्च भागवावा, कमी पडेल ते शासनाने घालावे. त्यासाठी शासन निर्णय बदलावा लागला तर बदलावा. विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक आहेत, पण त्यांचे मानधन दिवसावर असते. एका घराचे प्रकरण महिनोन्‌महिने धरून ठेवणे अशा व्यवस्थेत होत नाही.

आणखी एक. हे पद तहसीलदार किंवा गटविकास अधिकाऱ्यांच्या हाताखाली नको. अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस, ज्या साहेबांच्या सहीने करार वाढतो त्यांच्याच कचेरीविरुद्ध तक्रार लिहील, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. नेमणूक, पगार आणि कामाचा हिशेब थेट आयुक्तालयाकडे असावा. पदवीची अट फार ताणू नये. दिव्यांग व्यक्ती आणि पालक यांना प्राधान्य द्यावे. मूकबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी मात्र जिल्ह्याला वेगळा लागेल, ते काम साहाय्यकावर लादून चालणार नाही.

ग्रामपंचायतींची पुढच्या वर्षाची अंदाजपत्रके तयार होतील, त्याआधी दिव्यांग कल्याण विभागाने यावर काही ठरवावे. एकदा सायकलींची मागणी नोंदवली गेली की पुन्हा वर्षभर थांबणे आले.

– एक पालक, जि. सोलापूर