चूक कळवणाऱ्याला शिक्षा नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर आला की कार्यालयांत सायबर सुरक्षेचे फलक लागतात. तासाभराचे व्याख्यान होते, हजेरीच्या कागदावर सह्या घेतल्या जातात आणि तो कागद ऑडिटच्या फायलीत जातो. व्याख्यानातला मुख्य उपदेश ठरलेला : अनोळखी मेल उघडू नका, अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. पण अकाउंट्समधल्या माणसाचे कामच अनोळखी लोकांची बिले उघडण्याचे असते आणि एचआरमधल्या माणसाचे अनोळखी उमेदवारांचे अर्ज उघडण्याचे. हा सल्ला पाळायचा तर त्यांनी काम बंद करावे लागेल. म्हणून तो ऐकला जातो आणि सोडून दिला जातो.

स्पेलिंगच्या चुका शोधा, हा दुसरा सल्लाही आता अपुरा पडतो. पत्त्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी लिहिले की मोबाइलच्या पडद्यावर फरक दिसत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे पुरवठादाराचाच मेलबॉक्स चोराच्या हाती गेलेला असतो. तो काही आठवडे पत्रव्यवहार नुसता वाचतो आणि बिलाची तारीख जवळ आली की चालू असलेल्या त्याच मेलमालिकेत उत्तर टाकतो : 'आमचे बँक खाते बदलले आहे, यावेळची रक्कम सोबतच्या खात्यात भरावी.' पत्ता खरा, भाषा खरी, बिलाचा नंबर खरा. अशा मेलमध्ये डोळ्यांना पकडता येईल असे काहीच नसते.

इथे उपयोगी पडतो तो एकच नियम. खाते बदलायचे असेल तर उलटा फोन करायचा, आणि तो मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, तर पुरवठादाराची नोंदणी केली त्या दिवशी फॉर्मवर लिहिलेल्या नंबरवर. फोन कोणी केला, कोणाशी बोलणे झाले, किती वाजता, हे बिलावरच लिहायचे. खाते बदलणारा आणि पैसे सोडणारा अशी दोन वेगळी माणसे हवीत. आरटीजीएस आणि एनईएफटीत पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडताळण्याची सोय 2025 पासून आली आहे, ती वापरावीच. मात्र मिळत्याजुळत्या नावाचे खाते उघडणे चोरांना जड नाही, त्यामुळे फोनला पर्याय नाही.

हाच नियम साहेबांच्या मेसेजलाही लागू करावा लागतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एक कोटीहून अधिक रुपयांची फसवणूक झाली, ती कंपनीच्या प्रमुखांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सॲप मेसेजमुळे. 'मीटिंगमध्ये आहे, फोन घेऊ शकत नाही, एवढे पैसे लगेच पाठवा,' असा मेसेज वरून आल्यावर 'साहेब, आधी फोन करतो' म्हणण्याची हिंमत आपल्या किती कार्यालयांत कारकुनाला आहे? ती व्याख्यानातून येणार नाही. मालकाने किंवा व्यवस्थापकीय संचालकाने स्वतःच्या सहीने लेखी द्यावे : 'व्हॉट्सॲपवर मी कधीही पैसे पाठवायला सांगणार नाही. असा मेसेज माझ्या नावाने आला तर तो पाळू नका. खात्री करण्यासाठी थांबलेल्या माणसाला कोणी काही बोलणार नाही.' हा कागद अकाउंट्सच्या टेबलावर काचेखाली ठेवावा. दोन-चार हजार रुपयांच्या फलकापेक्षा तो जास्त कामाचा आहे.

आता क्लिक झाल्यानंतरचे. याविषयी सर्वांत कमी बोलले जाते आणि सर्वाधिक नुकसान इथेच होते. ओरडा बसेल, पगारातून कापतील, नाव नोटीस बोर्डावर लागेल, या भीतीने माणूस गप्प बसतो. संध्याकाळपर्यंत वाट पाहतो, काही झाले नाही असे वाटून घरी जातो. चोराला हवी असते ती नेमकी हीच सवड.

प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ असावे ते एवढेच. नेटवर्कची केबल काढायची किंवा वायफाय बंद करायचे. कॉम्प्युटर बंद करायचा नाही, कारण मेमरीतला पुरावा त्याबरोबर जातो. पडद्याचा फोटो मोबाइलवर काढायचा, वेळ लिहायची आणि ठरलेल्या माणसाला फोन लावायचा. मेल करायचा नाही, कारण मेलबॉक्सच चोराच्या ताब्यात असू शकतो. तो नंबर मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असावा आणि शनिवार-रविवारीही उचलला जावा. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेवर झालेल्या हल्ल्यात सुमारे 94 कोटी रुपये गेले. पहिला घाव शनिवारी, 11 तारखेला पडला आणि हाँगकाँगच्या खात्यात जवळपास 14 कोटी वळवणारा दुसरा सोमवारी, 13 तारखेला. चोर सुट्ट्यांचे कॅलेंडर बघून काम करतात.

पैसे गेले असतील तर पहिला फोन बँकेला, लगोलग दुसरा 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला. त्यावेळी यूटीआर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील हाताशी हवा. पुढच्या खात्यांतून पैसे फुटण्याआधी ते गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते.

मेलचा पासवर्ड चोरीला गेला असेल तर बहुतेक ठिकाणी तो बदलतात आणि विषय संपवतात. तेवढ्याने भागत नाही. चोराने मेलबॉक्समध्ये नियम लावून ठेवलेला असतो : 'बिल' किंवा 'पेमेंट' शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव आणि इथे कोणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाक. पासवर्ड बदलला तरी हा नियम चालूच राहतो. म्हणून सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करायचे, फॉरवर्डिंग आणि नियम तपासायचे, रिकव्हरीचा मोबाइल नंबर आपलाच आहे ना पाहायचे, जोडलेली ॲप्स काढायची, मग नवा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी. आणि दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्ती आता सोडावी. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 मध्येच ती नको म्हटले आहे. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात. लांब पासवर्ड ठेवा, आणि तो फुटल्याचा संशय आला की लगेच बदला.

आणखी एक घाई महागात पडते. कॉम्प्युटरवाल्याला बोलावून मशिन फॉरमॅट करून टाकतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आणि 180 दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रणेत आपोआप होणाऱ्या नोंदी, जपायचे आहेत. फॉरमॅट केलेल्या मशिनमधून काय कळवणार?

काही कंपन्या कर्मचाऱ्यांना खोटे मेल पाठवून परीक्षा घेतात. कल्पना चांगली, पण पद्धत चुकते. 'दिवाळी बोनसची यादी' असा मेल पाठवून लोकांना फसवणे क्रूर आहे, त्याने फक्त मनात अढी बसते. अशा चाचण्या होतील हे आधी सांगावे आणि मोजायचे ते वेगळे मोजावे : क्लिक किती जणांनी केले यापेक्षा कळवले किती जणांनी आणि पहिली तक्रार किती मिनिटांत आली. दहा मिनिटांत एकाने जरी कळवले तरी तो मेल उरलेल्या सगळ्यांच्या इनबॉक्समधून काढून टाकता येतो. क्लिक करून लगेच कळवणाऱ्याचे सगळ्यांसमोर आभार मानावेत.

माहितीच्या गोपनीयतेकडे तर 'आयटीवाले बघतील' म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात गळती कागदातून आणि सवयीतून होते. पगाराच्या एक्सेल शीटमधला कॉलम लपवून ती शीट सगळ्यांना पाठवली जाते. लपवलेला कॉलम दोन क्लिकमध्ये उघडतो, तो काढून टाकून पीडीएफ पाठवायला हवी. आजारपणाच्या रजेचे मेडिकल रिपोर्ट विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. आधारची झेरॉक्स गरज नसताना मागितली जाते, तीही पूर्ण, जेव्हा पहिले आठ आकडे झाकलेले मास्क्ड आधार, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून कोणालाही फुकट घेता येते. जुने फॉर्म आडवे न फाडता रद्दीत जातात. नोकरी सोडलेल्या माणसाचे लॉगिन महिनोन् महिने चालू असते. ते शेवटच्या दिवशी, तो इमारतीबाहेर पडण्याआधी बंद झाले पाहिजे.

व्यक्तिगत डिजिटल डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. पुरेशी सुरक्षा न राखल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. माहिती फुटली तर संबंधित व्यक्तींना विनाविलंब आणि या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर तपशील 72 तासांत द्यायचा आहे. ज्या कार्यालयात कर्मचारी चूक दोन दिवस लपवतो, तिथे ही 72 तासांची अट पाळली जाणार कशी? छोट्या पतसंस्था, दवाखाने, सीएंची कार्यालये यांनी हा विचार आताच करावा. त्यांच्याकडे वेगळा आयटी विभाग नसतो, पण लोकांचे पॅन, आधार आणि आजार यांच्या फायली मात्र भरपूर असतात.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. अशा फसवणुकीची बातमी देताना 'कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे' एवढ्यावर थांबू नये. त्या व्यवहाराला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागत होती का, खाते बदलल्यावर फोन करण्याचा नियम होता का, आणि चूक कळवायला किती वेळ लागला, हे तीन प्रश्न बातमीदारांनी व्यवस्थापनाला जरूर विचारावेत.

आपला,
माहिती सुरक्षा क्षेत्रातील एक वाचक, पुणे