मोकळं बोलायचं, पण बसायचं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त आपण काढलेलं विशेष पान काल वाचलं. मेंदूचं रंगीत चित्र सुरेख होतं. 'लाज सोडा, बोलते व्हा, तज्ज्ञांकडे जा' हे मुख्य लेखात इतक्या वेळा आलंय, की वाचता वाचता मलाच आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागलं. लेखकमहाशयांनी बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीचा दाखला दिलाय. मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजार कोणता त्यानुसार, ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. आकडा बरोबर आहे. पण त्याचं कारण काय, तर म्हणे 'समाजाची मानसिकता'! हे एवढं लिहिलं की पुढे कुणाला काही विचारायला नको.

आमची मानसिकता चांगली होती हो. आम्ही गेलो.

आमच्या ह्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. अचानक छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, घाम, आणि आता जीव जातोय असं वाटणं सुरू झालं. रीतीप्रमाणे आधी हृदयाचे डॉक्टर झाले. ईसीजी, टूडी इको, पट्ट्यावर चालवणं, सगळं नॉर्मल. मग गॅसेसची औषधं. मग नणंदबाईंच्या आग्रहाखातर नरसोबाची वाडी. दत्ताचं दर्शन झालं, बासुंदी आणली, धडधड होती तिथंच होती. शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनीच सांगितलं, हा पॅनिक अटॅक आहे, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. हे एका शब्दाने नको म्हणाले नाहीत. कोल्हापूरचा गडी मनाच्या डॉक्टरकडे जात नाही म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

आता दवाखाना. नाव लिहीत नाही. खाली मेडिकल, वर एकाच हॉलमध्ये हाडांचे, त्वचेचे आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मनाचे डॉक्टर. बाकडी सगळ्यांना एकच. आम्ही कोपरा धरून बसलो होतो. कंपाउंडर बाहेर आला, हातातल्या कागदाकडे बघितलं आणि कुस्तीच्या मैदानात पुकारावं तसं ओरडला, "उद्यमनगरचे लेथवाले कोण? ते भीतीचे पेशंट?"

हॉलमध्ये गुडघा दाखवायला आलेले ह्यांचे एक जुने गिऱ्हाईक होते. त्यांनी मान वळवून नीट बघून घेतलं, नमस्कारही केला. पुढच्या आठवड्यात वर्कशॉपवर आले आणि चार कामगारांसमोर अगदी मायेने विचारलं, "शेठ, भीती कमी हाय न्हवं आता? मग आमचं शाफ्ट कधी देतायसा?"

माणूस वाईट नाही. चौकशी मनापासूनच केली. पण त्या दिवसापासून ह्यांनी त्या जिन्याची पायरी चढली नाही, त्याला मी 'समाजाची मानसिकता' म्हणू का? रुग्णाची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क आहे, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्वच्छ लिहिलंय. त्या कंपाउंडरला ते कुणी सांगितलेलं नसावं. टोकन नंबर नावाची गोष्ट आपल्याकडे बँकेत आहे, आधार केंद्रात आहे, मिसळीच्या हॉटेलात आहे.

डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या गोळ्यांनी ह्यांना झोप लागली. पण केबिन म्हणजे प्लायवूडचा आडोसा, वरून उघडा, आणि पुढचा पेशंट आधीच आत स्टुलावर बसवलेला. झोप कशी आहे, भूक कशी आहे, गोळी तीच चालू ठेवा. चहा गार व्हायच्या आत माणूस बाहेर. त्यात बोलते कधी व्हायचं? डॉक्टर तरी काय करणार, बाहेर गडहिंग्लज-चंदगडपासूनची माणसं संध्याकाळची एसटी चुकेल म्हणून ताटकळलेली असतात. ते स्वतःच म्हणाले, यांना बोलण्याचे उपचार पाहिजेत, सीबीटी म्हणतात, पण त्याला दर आठवड्याला तासभर लागतो आणि तेवढा वेळ माझ्याकडे नाही.

तो तास शोधायला आम्ही निघालो. शहरात 'समुपदेशन' असे बोर्ड पुष्कळ आहेत. एका बोर्डावर करिअर, विवाह, नैराश्य आणि वजन कमी करणे एवढं सगळं एकाच दाराआड होतं. तिथल्या बाईंनी ह्यांना रोज सकाळी आरशासमोर 'मी आनंदी आहे' म्हणायला सांगितलं आणि फी घेतली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती आपण मागून बघू शकतो. पण नुसता 'समुपदेशक' असा बोर्ड लावायला कुणी काही विचारत नाही, हे आम्हाला त्यानंतर कळलं. आपल्या पानावर 'तज्ज्ञांकडे जा' लिहिताना कोणते तज्ज्ञ, ते ओळखायचे कसे, यासाठी दोन ओळी मिळाल्या असत्या तर माझ्यासारख्या चार बायकांचे पैसे वाचले असते.

नोंदणी असलेल्या बाई मिळाल्या त्या पुण्याच्या. दर आठवड्याला पुण्याला जाऊन यायचं तर वर्कशॉपचा दिवस बुडतो, आणि कागल-सातारा सहापदरीकरणाच्या कृपेने कधी घरी पोचू याची खात्री नाही. म्हणून मोबाइलवर. आमचं घर मंगळवार पेठेत, दोन खोल्या, सासूबाई, मुलं, आणि भिंतीपलीकडे जाऊबाई. ह्यांनी मग ओम्नी रंकाळ्याला नेऊन लावायची आणि काचा वर करून आत बसून बोलायचं असं ठरवलं. हे शहर फार प्रेमळ आहे, संपादकसाहेब. बंद गाडीत एकटा माणूस दिसला की इथं कुणाला राहवत नाही. टकटक. "काय मालक, गाडी बंद पडली काय? ढकलू काय?" त्या बाई बिचाऱ्या तिकडून विचारतायत, सर, श्वास सावकाश सोडला का?

गुण आला, हेही सांगते. भीती वाटली की जागा सोडून पळायचं, ती जागा मग टाळायची, आणि टाळलं की भीती वाढते, हे चक्र त्यांनी ह्यांना वहीत काढून दाखवलं. मुद्दाम जिने चढून धडधड वाढवायची आणि तिच्यासकट उभं राहायचं असा सराव दिला. गल्लीला वाटलं ह्यांनी या वयात पुन्हा तालीम धरली. आता हे एकटे शिरोलीला जाऊन माल पोचवून येतात. पण एका बैठकीचे हजाराच्या वर जातात. विमा कंपनीने मानसिक आजार इतर आजारांसारखाच धरायचा असं वरच्याच कायद्यात आहे. आमच्या पॉलिसीत धरलाय, ॲडमिट झालं तर! बोलण्यासाठी ॲडमिट कोण होतं?

सरकारी मनोरुग्णालयं राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. रत्नागिरीचं तर १८८६ पासूनचं. मला रुग्णालय नकोच आहे. इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, त्याच्या जोडीला दाराला कडी असलेल्या चार खोल्या आणि पगारावर नेमलेले चार मानसशास्त्रज्ञ शहरात बसवा, इचलकरंजीत दोन बसवा. जिल्ह्यात सरकारी सेवा नसेल तर तिथेच दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा असंही कायदा म्हणतो. तो खर्च कुणाला मिळालाय, याची बातमी आपला वार्ताहर काढेल का? कोल्हापुरात हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं, चांगलंच झालं. ह्या कामासाठी मात्र दसरा चौकात मंडप घालून कोण बसणार? बसलं तर दुसऱ्या दिवशी तुमच्याच अंकात फोटो, आणि गिऱ्हाईक विचारायला हजर.

आणखी एक. अख्ख्या पानावर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मला कुठे दिसला नाही. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो. मी एकदा रात्री लावला होता, पलीकडून मराठीत आणि शांतपणे बोलल्या. मेंदूचं चित्र दोन बोटं कमी केलं असतं तर तो मावला असता.

माझं नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, तो कृपया छापू नये. लाज म्हणून नव्हे. दिवाळीनंतर मुलीला स्थळं बघायची आहेत.

कळावे,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. : त्याच अंकात छोट्या जाहिरातींमध्ये 'वशीकरण, गृहकलह, मनातील भीती, एका फोनवर कायमचा निकाल' अशी जाहिरात आहे. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, हे आपल्या जाहिरात विभागाला ठाऊक असेलच. आणि पान तीनवर 'मनोरुग्णाचा भरचौकात धुडगूस' असा मथळा आहे. तो माणूस मनोरुग्ण आहे हे कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं, ते बातमीत नाही. मानसिक आजाराविषयी कसं छापावं याची मार्गदर्शक तत्त्वं प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये काढली आहेत. वशीकरणाच्या जाहिरातीतल्या बाबांचा फोन मात्र मी लावून बघितला. पहिल्याच रिंगला उचलला, नाव विचारलं नाही आणि पहिली बैठक मोफत आहे म्हणाले.