केन अकाउंट खाली आणल्याबद्दल, सर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. आपल्या साखर कारखान्याच्या नव्या प्रशासकीय इमारतीत पहिला गळीत हंगाम पार पडला. उद्घाटनाला आर्किटेक्टचा आणि ठेकेदाराचा सत्कार झाला. कोणता विभाग कुणाच्या शेजारी बसवायचा हे ज्यांनी ठरवून दिलं, त्यांचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

तुम्ही आलात तेव्हा झाडून सगळ्या खातेप्रमुखांना एमडी साहेबांच्या केबिनशेजारीच जागा हवी होती. तुम्ही वाद घातला नाहीत. रिचर्ड म्यूथर या अमेरिकन इंजिनिअरच्या पद्धतीचा त्रिकोणी तक्ता टेबलावर पसरलात. १२ विभाग, म्हणजे ६६ जोड्या. प्रत्येक जोडीला एक अक्षर: ए म्हणजे शेजार हवाच, मग ई, आय, ओ असं उतरत यूपर्यंत, आणि एक्स म्हणजे लांबच बरं. शिवाय अक्षरासोबत कारण लिहायचं. 'एमडींकडे सारखं जावं लागतं,' असं जो तो सांगू लागला, तेव्हा तुम्ही विचारलंत, 'जाताना हातात काय असतं?' सहीच्या फायली तर शिपाईच नेतो! बरेच ए तिथेच ओ झाले.

खरी ओढाताण लेखा विभागावरून झाली. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. उसाची नोंद शेती विभागाकडे, वजन काट्यावर, बिल केन अकाउंटला, म्हणजे लेखा विभागातल्या ऊसबिलांच्या शाखेला. नावात किंवा गटनंबरात तफावत निघाली की शेतकऱ्याचे जिने चढणं-उतरणं सुरू. पगार आणि बँकेची कर्जं बघणाऱ्या बाकीच्या लेखा विभागाचा याच्याशी संबंध नव्हता. 'विभाग फोडू नका,' असं चीफ अकाउंटंट शेवटपर्यंत म्हणत होते. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, कारण माणसं दोन मजल्यांवर विभागली की लक्ष ठेवणं अवघड जातं. तरी तुम्ही केन अकाउंट तळमजल्यावर, शेती विभागाच्या भिंतीला लावून बसवलंत. यंदा म्हातारे सभासद जिन्यात दिसले नाहीत.

खरेदी आणि स्टोअर जवळ ठेवलेत, पण एका खोलीत नाही. माल मागवणारा आणि मोजून घेणारा वेगळा हवा, हे तुम्ही कारणाच्या रकान्यात लिहून ठेवलंय.

मला सगळ्यात आवडला तो बाहेरचा हॉल. मुकादमांचे तोडणीचे करार हंगामाआधी, बिलांची गर्दी हंगामात. दोन्हींसाठी एकच हॉल पुरतो हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. एक स्वतंत्र खोली वाचली, तिथे शेअर्स विभागाचं जुनं दप्तर लावलंय.

तुम्ही मानधन घेतलं नाहीत, आग्रह करूनही. शेजारच्या कारखान्यातून तुमच्या तक्त्याची प्रत मागितली आहे. द्यायची का, तेवढं कळवा.

आपला,
कार्यालय अधीक्षक